मधल्या बाकावरच्या मुलाचं काय होतं?

दहावीचा निकाल लागला की कंधार, मुखेड, अहमदपूर, देवणी, किनवट या भागांतले आईवडील मुलाला किंवा मुलीला घेऊन लातूर नाहीतर नांदेड गाठतात. पिशवीत गुणपत्रिकेच्या झेरॉक्स असतात आणि तोंडी एकच प्रश्न असतो: डॉक्टर करायचंय, कोणत्या कॉलेजात घालू? समोरचा माणूस मिनिटभरात एक नाव सांगून मोकळा होतो. नाव चुकीचं असतं असं नाही. पण तेवढ्यावर घरची दोन वर्षं, शेतीचं उत्पन्न आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर पणाला लावायचं असेल, तर नावाच्या पलीकडे बघायला हवं.

हा निर्णय आपल्याकडे इतक्या लवकर का घ्यावा लागतो, ते आधी पाहू. अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांतली मुलं बारावीनंतर आधी चार वर्षांची पदवी घेतात. विषय जीवशास्त्रच हवा असं बंधन नाही. इतिहास किंवा संगीत घेऊनही ठरावीक विज्ञान विषय पूर्ण करता येतात, मग एमकॅट ही परीक्षा आणि त्यानंतर मेडिकल स्कूल. तिथे ‘कोणत्या कॉलेजात जाऊ’ हा प्रश्न अठराव्या वर्षी पडतो आणि चुकलं तर सावरायला चार वर्षं असतात. आपल्याकडे एमबीबीएस थेट बारावीनंतर. म्हणजे तिकडे पदवीचं कॉलेज जे काम करतं, ते इथे अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाला करावं लागतं, तेही दोन वर्षांत आणि दहावीची परीक्षा देऊन नुकत्याच उठलेल्या मुलाकडून.

हे काम लातूरने मनावर घेतलं, त्याला आता काही दशकं झाली. दयानंद शिक्षण संस्था १९६१ची. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं आणि डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले प्राचार्य. तेव्हा मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होई. शाहूत काय केलं जाई? अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, उरलेल्या महिन्यांत सराव परीक्षांवर सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात द्यायची, चूक दाखवायची, पुन्हा लिहून घ्यायचं. शिक्षक कॉलेजच्या वेळेबाहेर थांबत. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं ओळीने झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झालं. घोकंपट्टीचा आरोप त्यावर तेव्हाही झाला, आजही होतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्या मराठवाड्यात पहिलं सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ साली औरंगाबादला उघडलं आणि दुसरं अंबाजोगाईला यायला सत्तरचं दशक उजाडलं, तिथल्या कोरडवाहू घरांतल्या मुलांना या शिस्तीने डॉक्टर केलं, हे कुणी नाकारू नये. वाघमारे सर पुढे १९९४ साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नांदेडची परंपराही काही कमी जुनी नाही. पीपल्स कॉलेज १९५०चं, यशवंत महाविद्यालय १९६३चं, आणि सायन्स कॉलेजचं नाव तर तिथल्या कितीतरी डॉक्टरांच्या गुणपत्रिकांवर आहे.

नंतर परीक्षाच बदलत गेली. १९९९पासून राज्याची सीईटी आली. २०१३ साली नीट एकदा झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये ती परत आली आणि २०१७पासून राज्यातल्या एमबीबीएस प्रवेशाचा तोच एक दरवाजा उरला. १८० प्रश्न, ७२० गुण. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. सध्या वेळ १८० मिनिटांचा, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. बारावीचे गुण या यादीत धरले जात नाहीत. फक्त भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, आणि इंग्रजी सुटावं लागतं.

या बदलाचा परिणाम लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या बाबानगर, श्यामनगर, भाग्यनगरच्या गल्ल्यांत डोळ्यांनी दिसतो. पूर्वी कॉलेजच शिकवायचं. आता बहुतेक मुलांचा खरा अभ्यास क्लासमध्ये होतो आणि कॉलेज हा कागदावरचा पत्ता होऊन बसतो. त्यामुळे ‘कोणतं कॉलेज’ असं विचारणारे पालक मुळात दोन वेगळे प्रश्न एका वाक्यात विचारत असतात. मूल दिवसाचे सहा-सात तास कुठे बसणार, हा पहिला. बारावीचा दाखला कुठून येणार, हा दुसरा. काही जुन्या कॉलेजांत ही दोन्ही उत्तरं आजही एकच आहेत: कॉलेजचेच प्राध्यापक, कॉलेजच्याच नीट बॅचेस. अशी सोय जिथे खरोखर चालते, तिथे मुलाची ओढाताण वाचते. मला स्वतःला ती जास्त पसंत आहे.

आता फ्लेक्सकडे येऊ. नीटचा निकाल लागला की दोन्ही शहरांत चौकाचौकात हसऱ्या चेहऱ्यांचे बोर्ड लागतात. थांबून नीट पाहिलं, तर एकच चेहरा कॉलेजच्या बोर्डावर सापडतो, एका क्लासच्या बोर्डावर सापडतो आणि चार पावलांवर नुसती टेस्ट सिरीज विकणाऱ्याच्या बोर्डावरही सापडतो. तिघेही आपापल्या परीने खरं बोलत असतील. त्या मुलीने अकरावी-बारावी पहिल्याकडे केली, रिपीटचं वर्ष दुसऱ्याकडे काढलं आणि शेवटच्या टेस्ट तिसऱ्याकडे दिल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो निवड झाल्यावर त्याची संमती घेऊनच छापायचा, आणि त्याने आपल्याकडे नेमका कोणता कोर्स घेतला होता हेही तिथेच सांगायचं. काउंटरवर बसून फी भरणाऱ्या बापाने हा प्रश्न मोकळेपणाने विचारावा: या बोर्डावरच्या किती मुलांनी तुमच्याकडे पूर्ण दोन वर्षं काढली आणि पहिल्याच प्रयत्नात सरकारी एमबीबीएस मिळवलं?

त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न यायलाच हवा. एकूण होती किती? दोनशे मुलांतून चाळीस गेली आणि अडीच हजारांतून शंभर गेली, तर बोर्ड दुसऱ्याचा मोठा असतो आणि शक्यता पहिल्याची मोठी असते. हा भागाकार बोर्डावर कधीच छापलेला नसतो, तो आपल्याला करावा लागतो. त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे मधला मुलगा. वर्गातल्या सगळ्या मुलांना नीटच्या गुणांप्रमाणे ओळीने उभं केलं, तर बरोबर मध्ये जो येतो त्याला किती गुण पडले? सरासरी इथे फसवते, कारण वरची दहा हुशार मुलं ती ओढून वर नेतात. ती दहा मुलं कुठेही गेली असती तरी बहुधा पुढे गेली असती. संस्थेने काय केलं ते मधल्या मुलाच्या गुणांत दिसतं. दहावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के घेऊन आलेलं पोर तिथे दोन वर्षांत कुठे पोचतं, हे ज्याला सांगता येत नाही त्याने ते मोजलेलंच नाही. तुमचं आमचं मूल बहुतेक वेळा त्या मधल्या ओळीतलंच असतं.

म्हणून बॅचेस कशा पाडतात ते विचारा. बहुतेक ठिकाणी पहिल्या एक-दोन टेस्टनंतर मुलं वेगळी काढली जातात. वरच्या बॅचला नाव काहीही असो, तिथे सगळ्यांत अनुभवी शिक्षक जातात आणि खालच्या बॅचला नवे, कधी कधी वर्षात दोनदा बदललेले. शेवटच्या तुकडीला भौतिकशास्त्र कोण शिकवतं? खालच्या बॅचमधलं मूल वर जाऊ शकतं का, आणि गेल्या वर्षी खरंच कुणी गेलं का? एका खोलीत किती मुलं बसतात? हातात माइक असलेल्या शिक्षकाला थांबवून शंका विचारण्याची मुलाला हिंमत येईल, एवढीच संख्या चांगली.

आणि टेस्टनंतर काय होतं, हे तर खोदून विचारा. लातूर पॅटर्नचा जीव तिथेच होता. समजा, रविवारच्या टेस्टमध्ये एका मुलीला ३८० गुण पडले. १०५ बरोबर, ४० चूक, ३५ सोडलेले. सोमवारी तिच्या घरच्या मोबाइलवर ३८० हा आकडा आणि रँक येते. घरी फोनवर रागावणं होतं, ती रडते, विषय संपतो. खरं तर त्या चाळीस चुकांत सगळी माहिती भरलेली आहे. काही प्रश्नांत ‘चुकीचं विधान ओळखा’ असं विचारलेलं असताना तिने बरोबर विधान निवडलेलं असेल. काहींत सूत्र बरोबर, एककात घोळ. काही धडे तिला मुळात कळलेलेच नसतील. आणि काही ठिकाणी तिने नुसती खूण टाकून दिलेली असेल. त्यातल्या वीस चुका जरी बरोबर झाल्या, तरी वीसचे ऐंशी आणि वाचलेले वीस असे शंभर गुण वाढतात, ३८०चे ४८० होतात. तिच्या शेजारी बसून ही वर्गवारी करून देणारा माणूस तिथे आहे का? असेल तर ते ठिकाण चांगलं, मग त्याचा बोर्ड लहान असला तरी चालेल.

हे सगळं ऑफिसात विचारून कळत नाही, कारण ऑफिसातल्या माणसाला प्रवेश द्यायचा असतो. गेल्या वर्षी जी मुलं तिथे शिकली आणि ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांच्याशी बोलावं. ती आता फार्मसीला असतील, बीएस्सीला असतील, रिपीट करत असतील. त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. मेस चालवणाऱ्या ताईंनाही विचारावं. कोणत्या क्लासची मुलं जेवायला वेळेवर येतात आणि कोणती मुलं डिसेंबरनंतर जेवेनाशी होतात, हे त्यांना पाठ असतं.

कागदावरच्या कॉलेजाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ‘इंटिग्रेटेड’ या नावाखाली मूल कॉलेजात जातच नाही, हजेरी तिकडे परस्पर लागते आणि प्रयोगशाळेचं तोंड थेट प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी दिसतं, असे प्रकार राज्यभर आहेत. शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचे आदेश दिले ते याचसाठी. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि तो कधी कडक लावला जाईल हे सांगता येत नाही. पण मला हजेरीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. ज्या मुलाला उद्या माणसाच्या शरीराला हात लावायचा आहे, त्याने दोन वर्षांत एकदाही सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहिलेली नसावी, एकदाही स्वतःच्या हाताने टायट्रेशन केलेलं नसावं, हे बरं नाही. बोर्डात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळा उघडायला सांगा. टेबलांवर आम्लाचे डाग असतील, बाटल्या अर्ध्या संपलेल्या असतील, तर तिथे काम चालतं.

कॉलेज कोणत्या गावात असावं, याचा हिशोब गेल्या काही वर्षांत पार बदलला आहे, आणि अजून अनेक घरांत जुनाच हिशोब चालतो. २०२०पर्यंत राज्यात मेडिकल प्रवेशाला ७०:३० हे सूत्र होतं. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग, आणि ज्या विभागातून बारावी केली त्या विभागातल्या कॉलेजांच्या सत्तर टक्के जागा तिथल्या मुलांना. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजंच मोजकी, त्यामुळे इथल्या मुलाला जास्त गुण असूनही जागा हुकायची आणि कमी गुणांच्या मुलाला दुसऱ्या विभागात मिळायची. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि लातूरचेच आमदार अमित देशमुख यांनी ही पद्धत रद्द झाल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून राज्य कोट्याला संपूर्ण राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते. म्हणजे बारावी लातूरला केली, नांदेडला केली की उदगीरला, याने प्रवेशात काडीचाही फरक पडत नाही. आपल्या तालुक्याच्या गावात चांगली सोय होत असेल, तर मुलाला दीडशे किलोमीटर लांब नेण्याची गरज नाही.

राज्याबाहेर जाण्याचं मात्र तसं नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याकडे राहतात. लातूर आणि नांदेडच्या सरकारी कॉलेजांत प्रत्येकी १५० जागा आहेत, त्यांवरून हिशोब करून पाहा. राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं आणि दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. सरकारी नोकरीतल्या बदल्यांसारखे काही अपवाद सोडले तर हा नियम पक्का आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यातल्या घरांना हैदराबाद जवळ वाटतं. तिथल्या निवासी कॉलेजांची माणसं गावात येऊन पत्रकं वाटतात. पण मुलगा तिकडे तेलंगणा बोर्डाची इंटरमीजिएट उत्तीर्ण झाला, तर महाराष्ट्राचा ८५ टक्क्यांचा कोटा हातचा जातो. तेलंगणाच्या स्थानिक कोट्यालाही दोन वर्षांचं शिक्षण पुरत नाही, तिथे सलग चार वर्षांची अट आहे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी त्या मुलाची गत होते. कोटाला जाऊन राजस्थानातून बारावी देणाऱ्याचंही तेच. हे प्रवेशाच्या दिवशी कळून उपयोग नसतो. कर्नाटकात गेलेल्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळी तरतूद ठेवली आहे. भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या पालकांनी ती माहितीपुस्तिकेत आवर्जून वाचावी.

विषयांची निवड लवकर उरकण्यासारखी वाटते, पण तिथेही मुलं अडकतात. नीटला जीवशास्त्र लागतं. द्विलक्षी विषय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, मत्स्यशास्त्र वगैरे, गुण मिळवून देतात म्हणून लोकप्रिय आहेत. २०० गुणांचा असा विषय घेताना एक भाषा आणि गणित-जीवशास्त्रातला एक विषय सुटतो. सुटणारा विषय जीवशास्त्र नाही ना, एवढं अर्ज भरताना पाहायचं. ज्याने आधी तो सोडला त्याला आता जीवशास्त्र जादा विषय म्हणून नंतर देता येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तशी मुभा दिली. गणित ठेवावं का, यावर घरोघरी वाद होतात. मुलाला गणित जड जात नसेल तर ठेवावं असं माझं मत आहे, कारण भौतिकशास्त्राला त्याचा आधार मिळतो आणि इंजिनिअरिंगचा रस्ता उघडा राहतो. जड जात असेल तर त्याच्या गळ्यात बांधू नये.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत, अकरावीत पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. हुशार मूल पहिले तीन महिने गप्प बसून असतं. त्याला विषय कळत नाही असं नसतं, वाक्य कळत नसतं. तोवर पहिली टेस्ट होते, ते खालच्या बॅचमध्ये जातं आणि ‘आपण इथले नाही’ असं मनाशी धरून बसतं. काही शिक्षक सुरुवातीचे महिने मराठीत समजावून इंग्रजीत लिहून देतात. अशा शिक्षकांचं कॉलेज त्या मुलाला कोणत्याही मोठ्या नावापेक्षा लाभतं. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे खरं. पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात आणि एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीतच असतात. म्हणून एनसीईआरटीचं जीवशास्त्राचं पुस्तक रोज दोन पानं मोठ्याने वाचायची सवय दहावीच्या सुट्टीतच लावली तर मुलाचे पहिले महिने बरेच सुकर होतात.

आणि अकरावी. दहावीने दमलेली मुलं अकरावी सैल सोडतात, कारण तिला बोर्ड नाही, परीक्षा कॉलेजचीच असते. नीटचा जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम अकरावीचा आहे. वनस्पती आणि प्राण्यांचं वर्गीकरण, मानवी शरीरक्रिया, यांत्रिकी, मूलभूत रसायन सगळं तिथे. अकरावीच्या परीक्षा जिथे गंभीरपणे होतात ते कॉलेज नीटबद्दल गंभीर आहे, एवढं खुशाल समजावं.

पैशांचा क्रम सध्या उलटा झाला आहे. क्लासच्या बॅचेस दहावीची परीक्षा संपताच एप्रिलमध्ये सुरू होतात, निकाल नंतर लागतो आणि कॉलेज त्याच्याही नंतर ठरतं. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले. अर्जात जास्तीत जास्त दहा पसंती भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर मुलगा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. तेव्हा पहिली पसंती शेजाऱ्याचं बघून भरू नये. आणि कॉलेज कोणतं लागेल हे माहीत नसताना क्लासला पूर्ण फी एकरकमी देऊ नये. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या सूचनांत मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याची उरलेल्या काळाची फी परत करावी असं म्हटलं आहे. पावती आणि परताव्याची अट लेखी घ्यावी. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतल्या मुलांना महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो. दहावीनंतर लगेच अर्ज निघतो, गावात तो वेळेवर पोचत नाही.

कुणी ‘सीट पक्की करून देतो’ म्हणाला तर तिथून उठून यावं. २०२४च्या नीट पेपरफुटी प्रकरणात तपास लातूरपर्यंत आला आणि शिक्षकी पेशातल्या माणसांवर गुन्हे दाखल झाले. त्या वर्षी प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या इथल्या शेकडो मुलांकडे लोकांनी संशयाने पाहिलं, याचं वाईट वाटतं.

मूल कुठे राहणार, हा प्रश्न शेवटी विचारला जातो, तो पहिल्या तीनांत असायला हवा. कॉट बेसिसवरची खोली, एका खोलीत चौघं, खाली मेस, वर अभ्यासिका. लातूरच्या बाबतीत उन्हाळ्याच्या पाण्याची चौकशी करावीच. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. कितीतरी घरांत आई मुलीबरोबर शहरात खोली करून राहते आणि वडील गावी शेत सांभाळतात. जवळच्या गावांतून एसटीने डबा येतो. या सगळ्याची किंमत फीच्या पावतीवर नसते, पण मुलाला ती पुरेपूर माहीत असते आणि तिचंच ओझं त्याच्या मनावर असतं. म्हणून हॉस्टेलच्या वॉर्डनला विचारा, एखादं मूल दोन दिवस खोलीबाहेर पडलं नाही तर तुम्हाला कसं कळतं? पंधरा दिवसांनी एकदा भेटायला जा आणि त्या भेटीत गुण विचारू नका. मुलाचं जेवण, झोप, बोलणं बदललं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

कागदपत्रांची तयारी अकरावीतच सुरू करावी. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, आणि राखीव प्रवर्गाला जात वैधता. यातलं शेवटचं सगळ्यांत वेळखाऊ. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा वैधतेचा अर्ज कॉलेजच्या पत्राने समितीकडे जातो, आणि जुन्या महसुली नोंदी शोधायला, कधी कधी निजामकाळातली उर्दू-मोडी कागदपत्रं वाचून घ्यायला, महिने लागतात. मराठवाड्यातल्या घरांना ही अडचण जास्त येते. कॉलेजचा कारकून हे काम दरवर्षी वेळेत करतो की नाही, हेही कॉलेज निवडण्याचं चांगलं कारण आहे.

आणि नंबर लागला नाही तर? एमबीबीएसच्या जागा थोड्या, मुलं पुष्कळ, तेव्हा हा प्रश्न अशुभ समजून टाळू नये. नीटच्या गुणांवरच बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकाचे प्रवेश होतात. नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बारावीत एमएचटी-सीईटीचा अर्ज जोडीने भरला तर फार्मसी आणि कृषी हे मार्गही उघडे राहतात. नीटला वरची वयोमर्यादा २०२२पासून उरलेली नाही, प्रयत्नांनाही मर्यादा नाही. म्हणून वर्षामागून वर्षं रिपीट करत राहावं असं मात्र नाही. एक वर्ष जरूर द्यावं, तेही पहिल्या प्रयत्नात गुण कुठे गेले हे कळलं असेल तर. दुसऱ्या वर्षापासून बीएस्सीला नाव घालून सोबत परीक्षा द्यावी. जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलाला सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान या विषयांत पुढे पुष्कळ काम आहे, आणि ते शिकवणारी जुनी कॉलेजं लातूर-नांदेडमध्येच आहेत.